स्टार आयडीएन, प्रश्नचिन्ह

जाळीच्या दाराआड अकरा हजार व्होल्ट.
दार लागलं की माणसानं आत जायचं नाही.
ऑसिलोस्कोप एकटाच आत बसतो
आणि मी बाहेर, भुसावळच्या मे महिन्यात,
कूलरकडे पाठ करून
चाळीस फूट केबलच्या या टोकाशी.

सकाळी आधी ओळखपाळख.
स्टार, आयडीएन, प्रश्नचिन्ह.
तो स्वल्पविराम देत देत सांगतो
कंपनी, मॉडेल, क्रमांक, आवृत्ती.
सावद्याच्या स्टँडवर भाजीवाली म्हातारी विचारते तसंच,
'कोनाची गं तू?'
नेहेत्यांची, काट्यावरच्या डिगंबरची,
धाकटी, भुसावळले लॅबमधी.
आवृत्ती ती विचारत नाही.
बघून ठरवते.

झोपेसाहेबांनी शिकवलं
(आडनाव झोपे, तीस वर्षं नाइट शिफ्ट):
हुकूम वेगळा, प्रश्न वेगळा.
चॅनेल एक, स्केल, दोन व्होल्ट, हा हुकूम.
तो करतो आणि गप्प राहतो,
गप्प आहे म्हणजे केलंय, असं धरून चालायचं.
आता आकडा काढ, शेपटीला प्रश्नचिन्ह लाव.
आता त्याला बोलायचंय,
आता तू उठायचं नाहीस.
उत्तर न वाचता दुसरं काही विचारलंस
तर पहिलं उत्तर तो फेकून देतो
आणि आपल्या वहीत लिहितो,
उणे चारशे दहा, प्रश्न मधेच तोडला.

शब्द लिहायचा तर पूर्ण,
नाहीतर मॅन्युअलात मोठ्या छापलेल्या अक्षरांपुरता.
बारकी अक्षरं गिळली तरी चालतात,
पण गिळायची तर सगळी.
हे मला सोपं गेलं.
आमच्या घरी अर्धं वाक्य घशातच राहतं.

बाबांचा फोन दुपारी दीडला,
मागे वॅगनीत केळी भरणाऱ्यांचा गलका.
'जेवलीस? ऊन तं लागत नही? पैसे धाडू? बरं, ठेवतो.'
उणे चारशे दहा.
उणे चारशे दहा.
तिसऱ्याला मी 'हं' म्हणते
तोवर लाइन गेलेली असते.

त्या दिवशी पारा शेहेचाळीस.
इन्सुलेटरवर एकच झटका सोडायचा होता
आणि त्याची लाट पकडायची होती.
मी पाठवलं, स्टार, ओपीसी, प्रश्नचिन्ह,
म्हणजे, झालं का तुझं?
याचं उत्तर नेहमी एक हा आकडा,
आणि काम संपेपर्यंत तेही नाही.
टाइमआउट पाच सेकंदांचा साठ केला.
कर्सर लुकलुकत राहिला.
खिडकीतून दीपनगरचा धूर दिसत होता,
काठीसारखा सरळ.
फोन वाजला.

'जेवलीस? ऊन तं...'
'बाबा, तुम्ही जेवले?'

आणि मी थांबले.
पलीकडे कोणी घड मोजत होतं,
अठ्ठावीस, एकोणतीस,
वॅगनचं दार घसरत जाऊन आदळलं,
तीस.
'नही ना,' ते म्हणाले,
आणि इतका वेळ काहीच नाही
की मला वाटलं नेटवर्क गेलं.
'डबा ट्रकात राह्यला.
ट्रक गेला दिल्लीले.'
'मग खाल्लं काय?'
'केळं.'
'किती?'
ते हसायला लागले. त्या हसण्यात
मध्येच एक खोकला होता,
तो मला नवीन होता.

स्क्रीनवर एक येऊन उभा होता.
कधी आला, पाहिलं नाही.

संध्याकाळी चुकांची रांग उपसली.
सगळ्यांत जुनी आधी बाहेर येते
आणि विचारली की तिथून पुसली जाते.
एक स्पेलिंगची, माझीच.
एक कोलनची.
दोन तोडलेले प्रश्न, सकाळच्या घाईतले.
मग शून्य, चूक नाही.
तरी मी अजून एकदा विचारलं.
शून्य.

सप्लाय पाडला, अर्थिंगची काठी टेकवली,
जाळीचं दार उघडून आत गेले.
दिवसभर दुरून बोलणं ऐकणारा तो,
पुढची सगळी बटणं मुकी.
'लोकल' दाबलं.
गुंडी बोटांखाली वळली,
तापलेली,
आणि लाट थोडीशी डावीकडे सरकली.